नवा पूल, वय वर्षं शंभर

पुण्यातल्या नव्या पुलाला २०२३ साली शंभर वर्षं झाली. तरी तो नवाच आहे. १९२३ मध्ये बांधून झाला तेव्हा त्याला गव्हर्नर लॉइडसाहेबांचं नाव मिळालं, पुढे छत्रपती शिवाजी महाराजांचं मिळालं; दोन्ही नावं सरकारदरबारी रीतसर चढली. पण रिक्षात बसलेला माणूस "नव्या पुलावरून घ्या" असंच सांगतो आणि रिक्षावाला "कुठला नवा?" म्हणून विचारत नाही. त्यानंतर मुठेवर कितीतरी पूल झाले, पण त्यांतल्या एकालाही नवा म्हणवून घेता आलं नाही. ती जागा आधीच भरलेली होती. नदीच्या वरच्या अंगाला थोडं गेलं की लकडी पूल. पानिपतानंतर, १७६१ मध्ये, तो लाकडाचा बांधला होता. लाकूड केव्हाच गेलं, दगड आला, नाव छत्रपती संभाजी महाराजांचं झालं. लोक अजून लाकडावरूनच ये-जा करतात.

पत्ता ही तशी साधी माहिती. अमुक माणूस तमुक ठिकाणी राहतो, एवढंच तिला सांगायचं असतं. पण या एवढ्याशा माहितीची तीन बिऱ्हाडं आहेत. एक कागदावर, एक माणसाच्या डोक्यात आणि अलीकडे एक फोनमध्ये. आणि तिन्हीकडे तिचं वागणं निराळं. कागदावर ती नेमस्त असते, फोनमध्ये चटपटीत, आणि डोक्यात म्हणाल तर पुरती हट्टी.

आईची पत्त्यांची वही अजून आमच्या कपाटात आहे. वही कसली, कुणीतरी दिवाळीत भेट दिलेली डायरी. तारखांकडे दुर्लक्ष करून आईने तिच्यात सगळं गणगोत बसवलं. माझ्या मावसभावाचं पान बघण्यासारखं आहे. आधी निळ्या शाईत डोंबिवली. त्यावर एक आडवी रेघ, खाली काळ्या बॉलपेनने नाशिक. नाशिकवर दोन रेघा, कारण तिथली नोकरी आईला मुळातच पसंत नव्हती. मग जागा संपली म्हणून समासात, वही आडवी धरून, बंगळूर, आणि सवयीने बंगळूरच्याही आधी "मु. पो." एका पानावर माणसाची सगळी वाटचाल. कागदाची हीच तर खुबी आहे, त्याला खाडाखोड लपवता येत नाही. भाऊ आज कुठे आहे ते कळतंच. शिवाय तो कुठून कुठून आला, त्या बदलीबद्दल घरात काय बोललं गेलं, आणि त्या दिवशी टेलिफोनजवळ कुठलं पेन हाताला लागलं, हेही कळतं. फोनमध्ये तोच पत्ता बदला. जुना गेला, नवा आला, आणि मधे काही घडलंच नव्हतं असा त्या पडद्याचा चेहरा.

आईच्या वहीत गेलेल्या माणसांची पानं खोडलेली नाहीत. फोनमधली तशी नावं तरी आपण कुठे काढतो? हात होत नाही. फरक असा की वहीतलं पान आपण हात लावेपर्यंत जागचं हलत नाही, आणि फोनमधल्या आकड्याला आपल्या भावनांशी कर्तव्य नसतं. बंद पडलेला मोबाइल नंबर किमान ९० दिवस बाजूला ठेवतात आणि मग दुसऱ्या गिऱ्हाइकाला देतात. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टापुढे हा विषय आला तेव्हा दूरसंचार नियामक 'ट्राय'ने हेच सांगितलं होतं. त्यामुळे आमच्या अण्णाकाकांच्या नावावर टिचकी मारली की आता गॉगल लावून मोटारसायकलला टेकलेला एक पोरगा दिसतो. फोटोखाली लिहिलंय, "बिझी". अण्णाकाका उभ्या हयातीत कधी बिझी नव्हते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा गलबलून आलं; आता मी त्या पोराकडे जरा आपुलकीनेच बघते. एरवी त्याने तरी काय पाप केलंय?

कागदावरच्या पत्त्याला खरी साथ होती ती पोस्टाची. आपण पाकिटावर आधी माणसाचं नाव लिहितो, मग घर, वाडी, गाव, तालुका, जिल्हा. पोस्टातला माणूस मात्र तेच खालून वर वाचत जातो. जिल्ह्यापासून सुरुवात, आणि नावाशी त्याचा संबंध शेवटी. तिथेच घोळ व्हायचा. महाराष्ट्रात वडगावं किती, नांदगावं किती, पिंपळगावं किती, याची गणती कुणी करू नये. वर अक्षर डॉक्टरी, आणि देशात भाषा नि लिप्या डझनावारी. यावर तोड काढली ती एका मराठी माणसाने. श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपालखात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे कवी. १५ ऑगस्ट १९७२ पासून पिन कोड सुरू झाला. सहा आकडे, पहिला देशाच्या विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसरा त्यातल्या जिल्ह्याचा, उरलेले तीन थेट पोस्ट ऑफिसचे. महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड चाराच्या घरात. गावांच्या नावांचा सगळा गोंधळ या सहा आकड्यांनी निस्तरला.

आकडे सहाच का, हे मी कुठे वाचलेलं नाही, पण ते बरोबर बसलेत खरे. जॉर्ज मिलर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाचा १९५६ चा लेख प्रसिद्ध आहे: माणसाच्या डोक्यात एका वेळी साधारण सात गोष्टी राहतात, दोन कमी नाही तर दोन जास्त. सहा आकडे त्यात आरामात मावतात. सदाशिव पेठेतल्या माणसाला झोपेतून उठवून विचारा, ४११०३० म्हणेल आणि कूस बदलेल. हे आकडे पाकिटावरच्या चौकोनांत बसतात, तोंडात बसतात आणि यंत्रालाही वाचता येतात. तिन्ही बिऱ्हाडी सुखाने नांदणारी माहिती मला तरी ही एवढीच माहीत आहे. बारा आकड्यांचं आधार पाठ असलेला माणूस मला अजून भेटायचाय.

आता त्याच टपालखात्याने २०२५ मध्ये डिजिपिन आणलाय. देशाचे सोळा चौकोन करायचे, त्यातल्या प्रत्येकाचे पुन्हा सोळा, असं दहा वेळा. शेवटी हातात राहतो तो साधारण चार मीटर लांब आणि चार मीटर रुंद जमिनीचा तुकडा आणि त्याची दहा अक्षर-आकड्यांची खूण. काम चोख आहे, वाद नाही. डोंगरातल्या एकट्या घरालाही पत्ता मिळाला आणि अडल्या वेळी रुग्णवाहिका तिथवर पोचेल. मुंबईतल्या चाळीची एक खोली, तिच्यातली मोरी, कपाट, आजोबा आणि बारावीला बसलेली मुलगी धरून, एका चौकोनात मावते. मात्र हा चौकोन जमिनीवर सपाट पडलेला असतो, मजले त्याला कळत नाहीत. आमच्या इमारतीत तळमजल्यावरचे नाना आणि चौथ्या मजल्यावरच्या कुलकर्णी वहिनी पार्किंगवरून एकमेकांशी गेली कित्येक वर्षं बोलत नाहीत. त्यांचा डिजिपिन एकच येतो. दोघांनाही अजून कुणी सांगितलेलं नाही.

डोक्यातल्या पत्त्याची गोष्ट मात्र वेगळी, आणि ती सांगायची तर आमच्या आत्याकडे जायला हवं. आत्या सदाशिव पेठेत राहते, ऐंशी ओलांडलेली आहे, आणि तिच्याकडे अजून लँडलाइन आहे. मी तिच्याकडे बसले होते तेव्हा पंखा दुरुस्त करायला यायचा होता त्या मुलाचा फोन आला. त्याने पत्ता विचारला.

"हे बघ, पेरूगेटाशी आलास की तिथे गेट शोधत बसू नकोस. गेट नाहीये. पेरूही नाहीत. पोलीस चौकी आहे. तिथून आत ये. कोपऱ्यावर सायकलचं दुकान होतं."

पलीकडून बहुधा 'होतं?' असं विचारलं गेलं.

"होतं. आता मोबाइलचं आहे. पण तू सायकलचंच लक्षात ठेव, हे मोबाइलवाले टिकत नाहीत. तिथून असा वळ." 'असा' म्हणताना आत्याने रिसीव्हर डाव्या हातात घेतला आणि उजवा हात हवेत छान वळवून दाखवला. "मग चिंचेचं मोठ्ठं झाड."

"आत्या, ते झाड पाडलं ना?" मी न राहवून म्हणाले.

"पाडलं की. पण जागा कळते," आत्या मला म्हणाली, आणि फोनमध्ये, "दोन मिनिटांवर आहे हो, चालत ये."

ही दोन मिनिटं आत्या तिशीत होती तेव्हाची आहेत. आजच्या चालीने तिला स्वतःला पंधरा लागतात. पण डोक्यातली माहिती बदललेल्या गुडघ्यांची दखल घेत नाही.

मला वाटलं, मुलगा काही येत नाही. तर तो वेळेवर हजर! कसा आलास म्हटलं, तर म्हणाला, कोपऱ्यावर विचारलं, सायकलचं दुकान होतं ते कुठे? मोबाइलच्याच दुकानातल्या माणसाने सांगितलं, इथेच. म्हणजे ते दुकान एकट्या आत्याच्या डोक्यात नव्हतं. सगळ्या गल्लीच्या डोक्यात होतं, आणि जो भाडेकरू त्या जागेत नंतर आला त्यालाही ते जागेसोबतच मिळालं होतं. कागदावरचं दुकान परवाना संपला त्या दिवशी संपलं. डोक्यातलं अजून उघडं आहे.

डोक्यात रस्ते राहतात ते नेमके कुठे, हेही शास्त्रज्ञांनी शोधलंय. जॉन ओकीफ यांनी १९७१ मध्ये उंदराच्या मेंदूत अमुक जागी आल्यावरच जाग्या होणाऱ्या पेशी दाखवल्या. २०१४ च्या नोबेलात त्यांचा वाटा आहे. लंडनच्या टॅक्सीवाल्यांना परवान्यासाठी चेरिंग क्रॉसच्या भोवतालचे सुमारे २५ हजार रस्ते पाठ करावे लागतात. त्यांच्या मेंदूंची छायाचित्रं काढून एलेनॉर मॅग्वायर आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये दाखवलं की जागा लक्षात ठेवणारा भाग मागच्या बाजूला इतरांपेक्षा मोठा असतो, आणि जितकी वर्षं टॅक्सी चालवली तितका तो जास्त. हे वाचून मला आत्याच्या डोक्याबद्दल नव्याने आदर वाटला. तिला सांगितलं तर म्हणाली, "मग डोकं दुखतं ते त्यानेच."

डोक्यातल्या माहितीचा दोषही सांगायला हवा, नाहीतर ती डोक्यावर बसेल. तिला आपली चूक दिसत नाही. आपल्याकडे रस्त्यात पत्ता विचारला तर "ठाऊक नाही" म्हणणारा माणूस विरळा; ठाऊक नसलेला माणूस उलट जास्त ठासून हात दाखवतो. त्याला फसवायचं नसतं. विचारलं त्या क्षणी त्याच्या डोक्यात एक रस्ता तयार झालेला असतो, आणि तो आठवला की सुचला हे त्याचं त्यालाही सांगता येत नाही. कागद अडाणी असेल, पण निदान ज्याच्यावर काही लिहिलेलं नाही तो कोरा तरी दिसतो.

फोनमधली बाई त्यातल्या त्यात प्रामाणिक. चुकली की "मार्ग पुन्हा शोधत आहे" म्हणते. हे वाक्य मी आमच्या घरातल्या एकाही पुरुषाच्या तोंडून ऐकलेलं नाही. पण तिची अडचण वेगळी. तिच्याकडे गावांची नावं बहुतेक रोमन लिपीतून येतात. त्या लिपीत ट आणि त यांना मिळून एकच अक्षर, न आणि ण तसेच, आणि ळ तर नाहीच. अक्षरं एकदा त्या गाळणीतून गेली की परत येताना काय घेऊन येतील, नेम नाही. म्हणून ती आपल्याला तिलक रोडने नेते, तलजाईला वळवते आणि नळ स्टॉपला तिचा हमखास नाल स्टॉप होतो. जमिनीवर रस्ता तोच, नकाशात रेघ तीच, टाचणी अचूक. नाव तेवढं वाटेत सांडलं. आमच्या भाचीला याचं काहीच वाटत नाही. ती म्हणते, "मावशी, पोचलो ना?" पोचलो, हे खरंच.

तरी शेवटच्या शंभर पावलांत या बाईचंही चालत नाही. वस्तू मागवायच्या कुठल्याही फॉर्मवर पत्त्याच्या दोन ओळी असतात, पिन कोडचा रकाना असतो, बोटाने नकाशावर टाचणी हलवून घेतात, आणि एवढं सगळं झाल्यावर एक रकाना उरतो: लँडमार्क. वर लाल चांदणी, म्हणजे भरल्याशिवाय सुटका नाही. आकाशातल्या उपग्रहांनी हात टेकले की मारुतीला बोलवायचं! पुण्यात तर मारुतींची आणि विठोबांची या कामावर नेमणूकच झालेली आहे. पत्र्या मारुती, जिलब्या मारुती, भिकारदास मारुती, डुल्या मारुती, पासोड्या विठोबा. "उपाशी विठोबाजवळ" अशी चिठ्ठी चिकटवलेलं पिझ्झ्याचं खोकं मी या डोळ्यांनी पाहिलंय. आणि एवढं लिहूनही खालून फोन येतोच, "काकू, गेटवर आहे, लोकेशन पाठवा ना." लोकेशन पाठवलं की तो म्हणतो, "ते आलं हो. पण यायचं कुठून?"

मुंबईत हे सगळं आणखी ठसठशीत दिसतं, कारण मुंबईला जुनं पाडायची घाई आणि जुनं म्हणायची सवय, दोन्ही आहेत. धोबी तलावात पाणी नाही. चर्चगेटला गेट नाही. ते ज्या कोटाला होतं तो कोटच एकोणिसाव्या शतकात पाडला. ३१ मार्च १९६४ ला मुंबईची शेवटची ट्राम धावली आणि दादरपाशी थांबली ती कायमची. त्या जागेला लोक अजून दादर टीटी म्हणतात. टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस, हे त्यांतल्या पुष्कळांना माहीत नाही, आणि माहीत नसल्यामुळे काही अडत नाही. फोनमध्ये 'दादर टीटी' लिहा, नकाशा मुकाट्याने नेऊन उभं करतो. त्याला हे कुणी सांगितलं? महापालिकेने नव्हे. तुम्ही-आम्ही तेच शोधत राहिलो, तेच लिहीत राहिलो आणि त्याने ते उचललं. जमिनीवरचं खरं आणि डोक्यातलं खरं यांचं भांडण लागलं की नकाशा डोक्याची बाजू घेतो. त्यालाही गिऱ्हाईक सांभाळायचं असतं.

या सगळ्यात मला सर्वांत आवडतो तो काळा घोडा. तिथे १८७९ पासून सातव्या एडवर्डचा, युवराज असतानाचा, घोड्यावर बसलेला पुतळा होता. सॅसून घराण्याची भेट. इतका मोठा युवराज वर बसलेला, पण लोकांनी लक्षात ठेवला तो खालचा घोडा, आणि त्याचा रंग. स्वातंत्र्यानंतर पुतळा नकोसा झाला. १९६५ मध्ये तो उचलून भायखळ्याला राणीच्या बागेत नेऊन ठेवला. (ते आता वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आहे. लोक राणीच्या बागेतच जातात.) चौक मोकळा झाला. नाव तसंच राहिलं. बावन्न वर्षं त्या जागी घोडा नव्हता आणि बावन्न वर्षं माणसं एकमेकांना "काळ्या घोड्यापाशी भेट" असं सांगून तिथे बरोबर भेटत होती. पत्रांवर काळा घोडा, टॅक्सीत काळा घोडा, कलामहोत्सवाचं नाव काळा घोडा. शेवटी २०१७ मध्ये तिथे एक नवा काळा घोडा आणून उभा केला. स्वार वगळून.

आजवर मी समजत होते की आधी वस्तू असते, मग तिची माहिती. काळ्या घोड्याने तो क्रम उलटा करून दाखवला. माहिती बावन्न वर्षं चिकाटीने उभी राहिली आणि अखेर वस्तूला परत यावं लागलं. माहिती जमिनीइतकीच खरी असू शकते, याचा याहून भक्कम पुरावा मला कुठल्या ग्रंथात सापडलेला नाही; इथे तो काळ्या रंगात, चार पायांवर आहे.

तेव्हा माझा कौल डोक्याला. कागद प्रामाणिक, फोन तरतरीत, पण शेवटी दोघांनाही लिहायला सांगतं ते डोकंच. मात्र लिहून ठेवावं, आणि टाचणीही पाठवावी. आत्याच्या गल्लीसारखी गल्ली सगळ्यांच्या नशिबी नसते. आमच्या सोसायटीची टाचणी कुणीतरी केव्हातरी पिठाच्या गिरणीवर टोचून ठेवली आहे. दुरुस्ती सुचवली, आभाराचा निरोप आला, टाचणी आहे तिथेच आहे. कुणी तक्रार करत नाही, कारण गिरणीवाल्याला चारही इमारतींतली माणसं मजल्यासकट पाठ आहेत, आणि कोण बाजरी दळून नेतं यावरून तो कुणाकडे पाहुणे आलेत तेही सांगतो. आमच्याकडे यायचं असेल तर खुशाल या. फोन गिरणीपर्यंत आणून सोडेल, पुढचं गिरणीवाल्याला विचारा. गुरुवारी मात्र येऊ नका, गुरुवारी गिरणी बंद असते.